सोलोचा रकाना

मी त्याला तेव्हा 'सर' म्हणत असे. समोर तर म्हणायचेच, पण खोलीत मैत्रिणींशी बोलताना, आईशी फोनवर बोलतानाही 'सर' म्हणायचे. इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. नाव देणार नाही. नाव दिलं तर लोक त्याच्या नावावर बोलतील, आणि मला त्याने जे केलं त्यावर बोलायचं आहे. वाचता वाचता कुठेतरी मी त्याला माफ करेन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर ती इथेच सोडावी.

माझं घर रेवसच्या बंदरापासून रिक्षाने थोडं आत. आमची मिठागरं होती. त्यातली बरीचशी विकून वडिलांनी ट्रक घेतले आणि उरलेली विकून मला विमान शिकायला पाठवलं. घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. माझ्यामागे किती माणसं उभी होती ते कळावं म्हणून सांगते. त्यांत आई-वडील होते, ट्रकवरचे ड्रायव्हर होते आणि आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई होत्या. बाईंनी शाळेच्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं. रोज एकाची पाळी, सकाळी आकडा वहीत लिहायचा. एकदा पाऊस नव्हता म्हणून मी जागा रिकामी सोडली, तर बाईंनी मला परत बोलावलं. म्हणाल्या, "रिकामी जागा म्हणजे तू बघितलंच नाहीस. शून्य लिही, म्हणजे तू बघितलंस असं कळेल." बाईंचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, त्यातला हा एक.

विमानाची शाळा घाटावर होती. उसाच्या शेतांच्या मधोमध एक जुनी धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर आणि दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी लहान विमानं. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक लॉगबुक असतं. जाड पुठ्ठ्याचं, आडव्या पानांचं. चाकांपुढचे लाकडी ठोकळे काढले की वेळ सुरू होतो आणि परत लावले की संपतो. तेवढा वेळ त्यात लिहायचा. कोणतं विमान, कुठून कुठे, विमानाचा कमांडर कोण, हे सगळं लिहायचं. शेजारी शिक्षक बसला असेल तर ते उड्डाण 'ड्युअल'च्या रकान्यात जातं आणि कमांडर शिक्षक असतो. एकटी उडालात तर 'सोलो'च्या रकान्यात, आणि कमांडर तुम्ही. परवान्यासाठी दोन्ही ठरावीक भरावे लागतात. लॉगबुकात नाही ते उड्डाण झालंच नाही, असं सरकार समजतं.

आमच्या शाळेत एक रीत होती. आठवडाभर कुणी लॉगबुकाला हात लावायचा नाही. शनिवारी दुपारी सगळे वर्गात बसायचे, तो, म्हणजे आमचा उड्डाणशिक्षक, आपल्या कागदावरून वाचायचा आणि सगळे उतरवून घ्यायचे. शाळेत आपण शुद्धलेखन घ्यायचो तसंच. आपण नक्की किती उडालो हे कुणाला आठवत नसे, आणि तो वाचेल ते बरोबर असं धरून सगळे लिहीत. मला ते जमलं नाही. मी विमानातून उतरले की पंखाखाली उभी राहूनच लिहायचे. इंजिनाची ऊब पायांना लागत असायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो म्हणाला, "काय गं मीठवाली, विमान पळून जाणार आहे का?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला तो आवडायचा. शिकवायचा चांगलं, हे लिहायलाच हवं. वारा आडवा असताना विमान कसं उतरवायचं ते मला त्यानेच शिकवलं, आणि अजूनही मी तसंच उतरवते.

माझं पहिलं लांबचं सोलो हरिहरेश्वरपर्यंत होतं. घाट ओलांडायचा, खाडी समुद्राला मिळते तिथे वळायचं आणि परत यायचं. शेजारची सीट रिकामी. तिचा पट्टा बांधून ठेवला होता, म्हणजे तो मध्येच कशात अडकू नये. घाट उतरल्यावर हिरवी जमीन संपून एकदम पाण्याची कड दिसली. टेकडीच्या टोकाशी देऊळ, त्याच्या खाली काळा कातळ आणि पांढरा फेस. लहानपणी तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मी लाटेला घाबरून वडिलांच्या खांद्यावर चढले होते. आता तीच वाट वरून रेघेएवढी दिसत होती. मी रेडिओवर वळल्याचं सांगितलं. माझा आवाज चिरका आला. परत येऊन उतरले, ठोकळे लागले आणि मी पंखाखाली उभी राहून लिहिलं. कमांडरच्या रकान्यात माझं स्वतःचं नाव. अक्षर वाकडं आलं.

त्या महिन्याच्या शेवटी लॉगबुकं सहीसाठी त्याच्याकडे जमा केली आणि मी गावच्या जत्रेला घरी आले. परत गेले तेव्हा लॉगबुक माझ्या टेबलावर होतं. त्या पानावर कमांडरच्या रकान्यात पांढरा डाग. व्हाइटनर. वर त्याचं नाव. सोलोच्या रकान्यातही पांढरा डाग, आणि तास सगळे ड्युअलमध्ये सरकवलेले. डाग नीट वाळलेला होता, म्हणजे काम घाईत झालेलं नव्हतं.

यात त्याचा काय फायदा, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. शिक्षकालाही पुढे मोठ्या कंपनीत जायचं असतं आणि त्यासाठी त्याचे स्वतःचे तास भरावे लागतात. विद्यार्थी एकटा उडाला तर शिक्षकाला काही मिळत नाही. शेजारी बसला तर ते तास त्याचेही होतात. तर ज्या दिवशी मी हरिहरेश्वरावरून वळत होते, त्या दिवशी कागदावर माझ्या शेजारी तो बसलेला होता. खरं तर तो तेव्हा कँटीनमध्ये मिसळपाव खात होता.

मी लॉगबुक घेऊन त्याच्याकडे गेले. तो खुर्चीतून उठलाही नाही.

"सर, हे सोलो होतं."

"होतं ना. तुला माहितीये, मला माहितीये. मग?"

"मग इथे ड्युअल का?"

"अगं, पुन्हा एक सोलो देईन की तुला. तू लहान आहेस, तुझ्याकडे वेळच वेळ आहे." मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "अजून इथे उडायचंय ना?"

याच माणसाने पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दाखवलं होतं की लॉगबुकात चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, खरवडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची. अशी मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, शेजारी सही, तारीख. "चूक दिसली पाहिजे," असं म्हणाला होता. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

मी खोलीत आले आणि नखाने व्हाइटनर थोडा खरवडला. खाली माझ्या नावाचं शेपूट दिसलं. त्या क्षणापासून मला नुसते तास परत नको होते. याला हे महागात पडलं पाहिजे, असं वाटलं. तसं वाटल्याचा मला तेव्हा आनंद झाला. त्याच्यासमोरून मी खालमानेने आले होते, आता मला करायला काहीतरी होतं.

'पुन्हा एक सोलो' काही मिळालं नाही. उड्डाणांच्या फळ्यावर माझं नाव रोज खाली जायचं. कधी विमान बिघडलेलं, कधी वारा जास्त. त्याच वाऱ्यात बाकीचे उडत असायचे. जे काही उड्डाण मिळायचं ते त्याच्याबरोबर, ड्युअल. मी एकच गोष्ट करत राहिले. इंजिनाचा पंखा थांबला की मी तिथेच लिहायचे आणि तो खाली उतरायच्या आत लॉगबुक त्याच्या मांडीवर ठेवायचे. "सर, सही."

"शनिवारी."

"आत्ताच हवी, सर."

हँगरमधले मेकॅनिक बघत असायचे. पेट्रोलचा टँकरवाला बघत असायचा. तो सही करायचा. दिवसेंदिवस त्याची सही मोठी आणि तिरकी होत गेली. पोरं मला 'सहीबाई' म्हणू लागली. "सहीबाई, चहावर पण सही घेणार का?" मी हसायचे नाही. लॉगबुक मी आता उशाशी ठेवायचे आणि घरी जाताना बरोबर न्यायचे. त्याच्या टेबलावर ते पुन्हा कधी ठेवलं नाही.

मग बातमी आली की सरकारी तपासणी होणार आहे. विमानांची रजिस्टरं, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची लॉगबुकं, सगळी शेजारी शेजारी ठेवून बघणार. त्याचा मोठ्या कंपनीतला इंटरव्ह्यूही ठरलेला होता. आणि नेमकी मी सुटी घेऊन घरी होते, कारण आमच्याच अंगणात काकाच्या मुलीची हळद होती.

आमच्याकडे नवऱ्याला लावून उरलेली हळद त्याच्या घरची माणसं नवरीकडे घेऊन येतात. ती उष्टी हळद आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. नवरा मुंबईतला. ते लोक भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणार होते. त्यामुळे रेवसहून इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात पिशवी असलेला एक माणूस रिक्षाने आमच्या मांडवापाशी उतरला आणि माझ्या वडिलांचं नाव घेऊन घर विचारू लागला, तेव्हा माझ्या आईने जे समजायचं ते समजलं.

"या या, पाव्हनं! कवाची वाट बघतो आम्ही. एकलंच आलाव? बाकीची मंडली कुठं हाय?"

"नाही, मी एकटाच... काकू, मुलगी घरी आहे का?"

"नवरी? नवरी आत हाय, ती आता कशी बाहेर येल! तुमी बसा."

तो काही बोलायच्या आत त्याला खुर्चीवर बसवलं. कपाळाला टिळा लावला, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला. जेवायला वाढलं. मटण, तांदळाची भाकरी. मांडवात धवलारीण बसली होती. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नांत गाणी म्हणणारी, विधी सांगणारी बाई. ती जे सांगेल ते नवरदेवाच्या बापालाही ऐकावं लागतं. ती त्याच्या पिशवीकडे बघत होती.

"पाव्हनं, हलद काढा की आता. पिशवी छातीशी धरून बसलाव, आत काय सोनं हाय?"

"हळद? नाही हो, यात पुस्तक आहे."

"पुस्तक! अगो, नवरा शिकलेला हाय असं बोललं व्हतं, पन हलदीच्या जागी पुस्तक धाडील असं न्हाय बोललं!"

मांडव हसला. ते हसणं ऐकून मी बाहेर आले. आत हळद कालवत होते, त्यामुळे माझे हात कोपरापर्यंत हळदीचे होते. समोर टोपी घातलेला, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेतलेला तो. मला बघून तो इतका सुटल्यासारखा उठला, की क्षणभर मलाच त्याची दया आली असती. आली नाही.

पाण्याच्या टाकीमागे जाऊन त्याने पिशवीतून कोरं लॉगबुक काढलं.

"हे बघ. प्रत्येक पानाखाली माझी सही करून आणलीय. तू फक्त जुन्यावरून उतरवून काढ. ते सोलो तुझं तुझ्या नावावर लिही. जुनं मला दे."

"जुनं कशाला?"

"फाडायला, अजून कशाला! दोन्ही राहिली तर तपासणीवाले विचारतील ना. माझंही मी नवीन करतोय. विमानाच्या रजिस्टरचं बघून घेतो. तुझे तास तुला मिळाले. अजून काय पाहिजे?"

त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. माझं सोलो मला मिळत होतं, परवान्याची वाट मोकळी होत होती. जाणार होती फक्त एक गोष्ट. त्याने काय केलं होतं ते उद्या कुणालाच दिसलं नसतं.

"मला जुन्यातच दुरुस्ती हवी," मी म्हटलं. "एक रेघ. वर खरं. शेजारी तुमची सही आणि आजची तारीख."

"वेडी आहेस का? ते पान बघितलं तर ते माझी सगळी पानं काढतील. माझा इंटरव्ह्यू आहे."

"माहितीये, सर."

"मग?"

"म्हणूनच."

त्याने कोरं लॉगबुक मिटलं. मग आवाज बदलून म्हणाला, "आणि मी काहीच केलं नाही तर? ना नवीन, ना जुनं. तुझं लायसन माझ्या सहीवर आहे, मीठवाली. बस मग मिठागरात."

मी घाबरले. त्याने सही अडवली असती तर माझे कागद किती काळ पडून राहिले असते कोण जाणे. आणि आता बसायला मिठागरही राहिलेलं नव्हतं. कोऱ्या पुस्तकाकडे माझा हात जातच होता. तेवढ्यात आई आली. "पाव्हनं अर्ध्या जेवनातून उठलं, काय चुकला क आमचा?" म्हणत ती भाकरी घेऊन उभी राहिली.

"आई, हे हळदीचे पाहुणे नाहीत," मी मोठ्याने म्हटलं. मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "हे माझे सर. मी एकटी हरिहरेश्वरापर्यंत विमान नेलं ना, ते ह्यांनी आपल्या नावावर लिहिलं. आणि आता ते पुस्तक फाडायला मागायला आलेत."

आईने भाकरीची परात टाकीवर ठेवली आणि त्याच्यापुढे हात केला.

"नारल दे इकडं."

त्याने दिला. मांडवातल्या बाया उठून टाकीभोवती आल्या. धवलारीण सगळ्यांत पुढे. तिने मला पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं, आणि मग त्याच्याकडे वळली.

"म्हंजे पोर वर उडली, न तू खाली बसून बोलतस मीच उडलो? मंग माज्या सुनेच्या बालंतपनाला पन तूच खाटेवर व्हतास क रं?"

बाया अशा हसल्या की रस्त्यावरचा रिक्षावाला बघायला आत आला. वडील मध्ये पडले. "अगो, पाव्हना हाय. पोरीला तिचे तास देतोय ना, मंग झालं." आईने त्यांना हातानेच मागे सारलं. मला म्हणाली, "जा, तुजा पुस्तक आन."

मी आणलं. नवरीला बसवायचा पाट कुणीतरी टाकीवर ठेवला आणि त्यावर मी ते पान उघडलं. हात हळदीचे होते, पण धुवायला गेले असते तर तो निघून गेला असता. माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा पानाच्या कडेला उमटला. बायांचं कडं सुटत नव्हतं आणि व्हाइटनरचं पान तपासणीत दिसणारच होतं, हे त्यालाही कळलं असावं. त्याने पेन काढलं.

"हे बरं नाही करत आहेस तू," तो वर्गात बोलायचा तसंच शांतपणे म्हणाला.

"रेघ सरळ मारा, सर. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्याने रेघ मारली. आपल्या नावावर एक, ड्युअलच्या तासांवर एक. वर माझं नाव लिहिलं. सोलोच्या रकान्यात तास लिहिले. सही केली, तारीख घातली. धवलारणीला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून बघत होती. वडिलांनी त्याला मोटरसायकलवर बसवून बंदरावर सोडलं. खरी उष्टी हळद त्यानंतर थोड्याच वेळाने आली, आणि त्या लोकांना कळेना की आमच्याकडच्या बाया त्यांच्याकडे एवढ्या संशयाने का बघताहेत.

तपासणीत अधिकारी त्या पानावर थांबले. मला बोलावलं. मी झालं तसं सांगितलं, कमी नाही आणि जास्त नाही. मग त्यांनी त्याची पानं काढली आणि बाकीच्यांची लॉगबुकं मागवली. तशा नोंदी आणखी निघाल्या. त्याचा इंटरव्ह्यू झाला नाही. शाळेतूनही तो गेला. माझं सोलो धरलं गेलं आणि परवाना मिळाला. पण शनिवारी नुसतं उतरवून घेणाऱ्या काही मुलांच्या नोंदी विमानांच्या रजिस्टरशी जुळेनात; त्यांचे तास अडकले, त्यांना पुन्हा उडावं लागलं. त्यातली एक मुलगी माझी खोलीतली सोबतीण होती. ती अजून माझ्याशी बोलत नाही. "तुझा बदला तुझा होता, त्यात मला का ओढलंस?" असं ती शेवटचं म्हणाली होती. तिच्याबद्दल वाईट वाटतं. त्याच्याबद्दल वाटत नाही.

आता मी एका छोट्या कंपनीत सहवैमानिक आहे. काही दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. त्याला पुन्हा शिकवायचं काम मिळतंय, पण जुन्या प्रकरणाबद्दल एक पत्र हवंय. मी लिहून द्यावं की त्याने चूक लक्षात येताच स्वतःहून दुरुस्त केली. आवाज थकलेला होता. घरी लहान मुलगी आहे म्हणाला. "तू मोठ्या मनाची आहेस," असंही म्हणाला. मीठवाली म्हणाला नाही.

मी पत्र लिहिलं. त्याने नोंद बदलली तो महिना लिहिला. मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने दिलेलं उत्तर लिहिलं. तपासणीची बातमी आल्यावर तो आमच्या घरी आला, कोरं लॉगबुक आणलं, जुनं फाडायला मागितलं आणि मी सांगितल्यावर दुरुस्ती केली, हेही लिहिलं. तो आडव्या वाऱ्यात उतरायला उत्तम शिकवतो हेसुद्धा लिहिलं, कारण तेही खरं आहे. खाली सही केली आणि त्याला पाठवून दिलं.

त्याचा संदेश लगेच आला. "'स्वतःहून' एवढा एक शब्द लिहिला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

मी तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विमान घेऊन जायचं होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि गणवेश इस्त्रीला काढला.